किराणा गुणिले तीन

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात युक्रेनमधून आलेलं एक ज्यू कुटुंब राहायचं. घरात मुलीच मुली, बापाच्या कमाईत भागत नसे. मदतीचं धान्य आणायला आई रांगेत उभी राहिली की तिच्यासोबत उभ्या राहणाऱ्या मुलींपैकी एक होती मॉली ऑर्शान्स्की. ही मुलगी पुढे गणित आणि संख्याशास्त्र शिकून सरकारी नोकरीत लागली. काही वर्षं कृषी खात्यात आणि १९५८ पासून सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या कचेरीत. गरिबांवर लिहायला आपल्याला कल्पनाशक्ती लागत नाही, आठवणी पुरतात, असं त्या पुढे सांगत.

१९६३ साली त्यांच्यासमोर एक साधा वाटणारा आणि अजिबात साधा नसलेला प्रश्न होता. एखादं घर गरीब आहे हे ठरवायचं कशावरून? त्यांनी हिशेब केला तो एखाद्या काटकसरी गृहिणीने करावा तसा. कृषी खात्याने पोटापुरत्या खाण्याचे काही तक्ते बनवले होते. त्यातला सगळ्यात स्वस्त तक्ता हातात पैसे नसतानाच्या अडचणीच्या दिवसांसाठी होता, कायम त्यावर जगावं अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. १९५५ च्या पाहणीत दिसलं होतं की अमेरिकी कुटुंबांच्या कर वजा जाता कमाईचा साधारण एक तृतीयांश भाग खाण्यावर जातो. ऑर्शान्स्कींनी त्या स्वस्त किराण्याची किंमत घेतली आणि तिला तीनने गुणलं. चार माणसांच्या घराला वर्षाला सुमारे ३,१०० डॉलर. त्याखालचं घर गरीब.

अमेरिकेची दारिद्र्यरेषा ती हीच. महागाईनुसार ती दरवर्षी वर सरकते, पण तिचा सांगाडा साठ वर्षांत बदललेला नाही. आज सरासरी अमेरिकी घराच्या खर्चात खाण्याचा वाटा एक अष्टमांशाच्या आसपास आहे. पैसा खातात ते घरभाडं, दवाखाना आणि पाळणाघर. तरी रेषा अजून त्या १९५५ च्या स्वयंपाकघरातच बसलेली आहे.

ऑर्शान्स्कींच्या हिशेबाला एकदम महत्त्व आलं ते एका घोषणेमुळे. ८ जानेवारी १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संसदेपुढे गरिबीविरुद्ध बिनशर्त युद्ध पुकारलं. आधीचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मायकल हॅरिंग्टन यांच्या ‘द अदर अमेरिका’ या १९६२ च्या पुस्तकाने सुखवस्तू वाचकाला नुकताच धक्का दिला होता. मोटारी, टीव्ही आणि हिरवळीच्या या देशात कोट्यवधी लोक उपाशी, आजारी आणि नजरेआड आहेत, असं ते सांगत होतं. एप्रिलमध्ये जॉन्सन केंटकीतल्या इनेझ या खाणपट्ट्यातल्या गावी गेले आणि काम सुटलेल्या एका आठ लेकरांच्या बापाशी त्याच्या ओट्यावर बसून बोलले. ते छायाचित्र देशभर छापून आलं.

युद्ध म्हटलं की शत्रू मोजावा लागतो. सरकारी अर्थतज्ज्ञांनी आधी सरसकट ३,००० डॉलरचा आकडा धरला होता. म्हणजे दोनच म्हाताऱ्या माणसांचं घर आणि आठ माणसांचं घर एकाच मापात. ऑर्शान्स्कींचा तक्ता माणसं मोजून रेषा ठरवत होता, म्हणून तो उचलला गेला आणि १९६९ मध्ये त्यावर अधिकृत शिक्का बसला.

१९६४ आणि १९६५ या दोन वर्षांत कायद्यांचा सपाटा होता. ऑगस्ट १९६४ मध्ये आर्थिक संधीचा कायदा आला. त्यातून बेरोजगार तरुणांना हुन्नर शिकवणारी ‘जॉब कॉर्प्स’ निघाली आणि १९६५ च्या उन्हाळ्यात गरीब घरांतल्या पाच लाखांहून जास्त मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’च्या बालवाड्या उघडल्या. १९६४ च्या त्याच ऑगस्टमध्ये फूड स्टॅम्पचा कायदा झाला. जुलै १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या दोन आरोग्य योजना आल्या.

आणि गरिबी? १९६४ साली १९ टक्के अमेरिकी लोक रेषेखाली होते. १९७३ मध्ये हे प्रमाण ११.१ टक्क्यांवर आलं. आता पन्नास वर्षं पुढे जाऊन २०२३ चा आकडा पाहावा. ११.१ टक्के. दशांश चिन्हासकट तोच.

‘सरकारने गरिबीशी युद्ध पुकारलं आणि गरिबी जिंकली,’ असा टोला अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८८ च्या भाषणात मारला होता. तो आजही उगाळला जातो आणि वरचे दोन आकडे शेजारी ठेवले तर पटतोही. पण मेख त्या किराण्याच्या हिशेबातच आहे. अधिकृत मोजणीत घरात आलेली रोकड तेवढी धरतात, तीही कर कापण्याआधीची. फूड स्टॅम्प त्यात नाहीत. घरभाड्याची सरकारी मदत नाही. कामकरी कुटुंबाला करखात्याकडून परत मिळणारे हजारो डॉलर नाहीत. थोडक्यात, औषध दिल्यावर ताप मोजायचा, पण औषधाचा परिणाम दिसेल असा थर्मामीटर वापरायचाच नाही. ऑर्शान्स्कींनी माप बनवलं तेव्हा हा दोष नव्हता, कारण तेव्हा गरिबांना मिळत होतं ते बहुतेक रोख रकमेतच. पुढे योजना वाढल्या त्या नेमक्या मापाला न दिसणाऱ्या. जनगणना खात्याने २०११ पासून एक पूरक माप काढायला सुरुवात केली. ते मदत आणि कर दोन्ही धरतं, आणि प्रत्येक भागातलं घरभाडंही बघतं. आता दर सप्टेंबरला दोन आकडे शेजारी शेजारी जाहीर होतात, आणि प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा उचलतो.

फूड स्टॅम्पची गोष्ट जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण तिचा उगम दयेत नाही, गोदामात आहे. महामंदीत शेतमालाचे भाव पडले होते, सरकारने विकत घेतलेला माल पडून होता आणि शहरात लोक उपाशी होते. मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात एक युक्ती सुरू झाली. गरिबाने एक डॉलर देऊन नारिंगी तिकिटं घ्यायची, त्यावर कोणताही किराणा मिळायचा. सोबत पन्नास सेंटची निळी तिकिटं फुकट. निळ्यावर मात्र सरकार ज्याला ‘जास्तीचा माल’ म्हणेल तेवढंच मिळणार. गरिबाचं पोट, वाण्याचा गल्ला आणि शेतकऱ्याचा भाव, तिन्ही एकाच तिकिटात. महायुद्धात काम वाढलं, माल संपला, आणि १९४३ मध्ये योजना गुंडाळली गेली.

हेच ‘जास्तीचं’ धान्य पुढे समुद्रापार जाऊ लागलं. १९५४ च्या ‘पीएल-४८०’ कायद्याखाली अमेरिकेने भारताला गहू दिला. साठच्या दशकात रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेला तो गहू आणि तांबडी मिलो ज्वारी महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला अजून आठवते, बहुतेकांना नाक मुरडूनच. अमेरिकी शेतकऱ्याचं कोठार रिकामं करायचं हाच हेतू दोन्हीकडे होता. एक वाट मुंबई बंदराला गेली आणि दुसरी वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल काउंटीला.

मॅकडॉवेल हा कोळशाचा मुलूख. यंत्रं आली आणि खाणींतली माणसं घरी बसली. निवडणूक प्रचारात जॉन केनेडींनी तिथली अवस्था पाहिली होती. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी फूड स्टॅम्प पुन्हा सुरू केले, आणि मे १९६१ मध्ये पहिला मान मॅकडॉवेललाच मिळाला. पंधरा माणसांच्या एका कुटुंबाने ९५ डॉलरचे स्टॅम्प घेतले. पहिली खरेदी होती डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याच्या डब्याची.

‘घेतले’ हा शब्द मात्र डोळ्यांआड करू नये. स्टॅम्प फुकट नव्हते. थोडे पैसे भरायचे, त्याच्या बदल्यात जास्त किमतीचे स्टॅम्प मिळायचे. ज्याच्या खिशात काहीच नाही, तो मदतीलाही अपात्र. हे मिसिसिपीत भयंकर उघडं पडलं. कापसाच्या शेतीत यंत्रं आणि तणनाशकं आल्यावर डेल्टा भागातल्या काळ्या मजुरांची कामं गेली होती. त्याच सुमारास अनेक काउंट्यांनी फुकट धान्यवाटप बंद करून स्टॅम्प आणले. दर माणशी दोन डॉलर भरा, मग स्टॅम्प. दोन डॉलर आणायचे कुठून? नागरी हक्कांच्या खटल्यांत झुंजणाऱ्या मॅरिअन राइट या तरुण वकिलाने हे सिनेटच्या समितीपुढे मांडलं. एप्रिल १९६७ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी स्वतः डेल्टात गेले आणि अंधाऱ्या खोपटांतून पोट फुगलेली लेकरं पाहून हादरले. त्यांच्यासोबत पीटर एडेलमन नावाचा त्यांचा तरुण सहायक होता. त्याची आणि मॅरिअन राइटची ओळख याच कामात झाली आणि पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. या जोडप्याचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

पैसे भरण्याची अट अखेर १९७७ च्या कायद्याने गेली. नंतर कागदी स्टॅम्प जाऊन बँकेसारखं कार्ड आलं आणि २००८ मध्ये योजनेचं नाव ‘स्नॅप’ झालं. सध्या सुमारे चार कोटी लोक त्यावर किराणा भरतात. मिळतात दर माणशी दिवसाला साधारण सहा डॉलर. साबण, लंगोट, औषध त्यावर मिळत नाही. गरम शिजवलेलं अन्नही नाही. भाजलेली कोंबडी दुकानात गरम ठेवली असेल तर कार्ड चालत नाही, तीच थंड करून विकली तर चालतं. हा नियम कोणत्या पोषणतज्ज्ञाने केला असेल असा प्रश्न पडतो. उत्तर असं की पोषणाशी त्याचा संबंध नाही. गरिबाने चूल पेटवलीच पाहिजे, हा त्यामागचा जुना संस्कार आहे.

तरीही योजनेचा गुण आला का? १९६१ ते १९७५ या काळात फूड स्टॅम्प एकेका काउंटीत वेगवेगळ्या वर्षी पोचले. त्यामुळे संशोधकांच्या हाती आपोआपच एक प्रयोग पडला. एका काउंटीतलं मूल स्टॅम्पच्या घरात वाढलं, शेजारच्या काउंटीतलं नाही. हिलरी हॉइन्स, डायान शान्झेनबाख आणि डग्लस आल्मंड यांनी ही मुलं मोठी झाल्यावर त्यांची तुलना केली. ज्यांना लहानपणी स्टॅम्प मिळाले होते त्यांच्यात मोठेपणी लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह यांचा एकत्रित त्रास कमी होता. मुली स्वतःच्या पायावर अधिक उभ्या होत्या. १९६८ च्या डब्यातल्या दुधाचा हिशेब असा २०१६ मध्ये लागला. दारिद्र्यरेषेच्या मोजणीत मात्र त्यातला एक सेंटही नाही.

वृद्धांच्या बाबतीत गोष्ट सोपी आणि यशस्वी आहे. १९३५ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटीच्या कायद्यावर सही केली. काम करताना पगारातून थोडं कापायचं, म्हातारपणी दरमहा घ्यायचं. पहिला मासिक चेक जानेवारी १९४० मध्ये व्हरमॉन्टच्या आयडा मे फुलर या निवृत्त कारकून बाईंना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यांच्या पगारातून एकूण कापले गेले होते २४ डॉलर ७५ सेंट. बाई शंभर वर्षं जगल्या आणि जवळपास २३ हजार डॉलर घेऊन गेल्या! सुरुवातीला शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना योजनेतून वगळलं होतं. म्हणजे दक्षिणेतले बहुसंख्य काळे लोक बाहेर. ती फट पन्नासच्या दशकात बुजत गेली. १९७२ मध्ये पेन्शन महागाईशी जोडायचं ठरलं. १९५९ साली ज्येष्ठांमधली गरिबी ३५ टक्के होती, आज ती दहाच्या आसपास आहे. पेन्शन रोख मिळते, त्यामुळे जुन्या मापालाही हे दिसतं. आजही ही एक योजना काढली तर पावणेतीन कोटी माणसं रेषेखाली जातील.

मेडिकेअरने तर गरिबीपलीकडचं एक काम जाता जाता उरकलं. वर्णभेद पाळणाऱ्या रुग्णालयाला सरकारी पैसा नाही, अशी अट होती. पैसा हवा होता सगळ्यांनाच. १९६६ च्या काही महिन्यांत दक्षिणेतल्या शेकडो रुग्णालयांतले ‘गोरे’ आणि ‘काळे’ कक्ष एक झाले.

वृद्धाला कोणी विचारत नाही की तू गरीब का आहेस. तरुण आईला विचारतात, आणि तिच्याकडे आलं की अमेरिकी धोरणाचा सूर बदलतो.

एकट्या आईला लेकरांसाठी दरमहा रोख मदत देणारी योजनाही १९३५ च्याच कायद्यातली. मूळ कल्पना विधवांची. पुढे यादीत घटस्फोटित आणि अविवाहित आया आल्या, काळ्या आया आल्या, तशी चौकशी वाढली. घरात पुरुष राहतो का हे बघायला काही ठिकाणी अधिकारी रात्री-अपरात्री धाडी घालत, पलंगाखाली आणि कपाटात डोकावत. अलाबामाने तर नियमच केला. बाईकडे पुरुषाची ये-जा असेल तर तोच मुलांचा बाप धरायचा आणि मदत बंद. मग त्याचा त्या मुलांशी काडीचा संबंध नसो. अशी सोळा हजार मुलं यादीतून गेली. शनिवार-रविवारी घरी पुरुष येतो म्हणून एका चार लेकरांच्या विधवेची मदत तोडली होती, ती कोर्टात गेली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नियम रद्द केला.

रिचर्ड निक्सन यांनी १९६९ मध्ये यावर एक धीट तोडगा मांडला होता. मुलं असलेल्या प्रत्येक गरीब घराला किमान उत्पन्नाची हमी. प्रतिनिधीगृहात तो मंजूर झाला, सिनेटमध्ये अडकला. डाव्यांना रक्कम तुटपुंजी वाटली, उजव्यांना खिरापत. विरोध करणाऱ्यांत लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग पुढे होते. मग त्यांनीच दुसरी वाट काढली आणि १९७५ मध्ये कष्टाच्या कमाईवरची करसवलत आली. कमी पगारात राबणाऱ्याला करखात्याने वर्षातून एकदा उलट पैसे द्यायचे. दोन मुलांच्या घराला आज ते सुमारे सात हजार डॉलरपर्यंत मिळतात, आणि ‘रिफंड’ या साध्या नावाखाली येतात. त्यात कोणी पलंगाखाली डोकावत नाही. ही योजना दोन्ही पक्षांनी वाढवली याचं गुपित बरंचसं नावात आहे. पण ज्याचं काम सुटलं त्याला ती शून्य देते.

आईच्या मदतीचा निकाल १९९६ मध्ये लागला. ‘आज आहे तसं वेल्फेअर संपवू’ असं सांगून निवडून आलेले बिल क्लिंटन यांनी ऑगस्टमध्ये कायद्यावर सही केली. जुनी योजना गेली, ‘टॅन्फ’ आली. केंद्राची मदत आयुष्यात पाच वर्षं, सोबत कामाची सक्ती, आणि राज्यांना वर्षाला साडेसोळा अब्ज डॉलरची ठोक रक्कम. आरोग्य आणि मानवसेवा खात्यातले एक मोठे अधिकारी निषेध म्हणून राजीनामा देऊन बाहेर पडले. ते पीटर एडेलमन. बालहक्कांसाठी लढणारी मोठी संस्था उभी केलेल्या मॅरिअन राइट एडेलमन यांनीही क्लिंटन यांना सही करू नका म्हणून जाहीर विनंती केली होती.

नव्वदच्या दशकात नोकऱ्या भरपूर होत्या. अनेक आया कामाला लागल्या, आणि कायदा यशस्वी ठरल्याचे ढोल वाजले. पण ती साडेसोळा अब्जांची रक्कम तेव्हापासून वाढलेली नाही, महागाईने ती कुरतडली गेली. १९९६ मध्ये मुलं असलेल्या दर शंभर गरीब कुटुंबांमागे ६८ घरांना रोख मदत मिळायची. आता ती वीसच्या आसपास घरांना मिळते. उरलेला पैसा राज्यं हवा तिथे वळवतात. मिसिसिपी या अत्यंत गरीब राज्यात तपासणीत ७.७ कोटी डॉलरचा गैरवापर निघाला. त्यातले पन्नास लाख विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल मैदानासाठी गेले होते. हे तेच मिसिसिपी, जिथे एकेकाळी दोन डॉलर नाहीत म्हणून स्टॅम्प नाकारले जात होते.

अटी घातल्या की लोक कामाला लागतात, हा समज फार चिवट आहे. २०१८ मध्ये आर्कान्सा राज्याने मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास कामाची अट घातली आणि त्याची नोंद ऑनलाइन करायला सांगितली. काही महिन्यांत १८ हजार लोकांचा विमा गेला. नंतरच्या अभ्यासात रोजगार वाढल्याचं दिसलं नाही. बहुतेक जण आधीच काम करत होते किंवा नियमातून सुटलेले होते, ते नोंदीत अडकले. नोंदीचं संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद असे. दिवसभर राबणाऱ्याने कामाचा पुरावा द्यायचा, तोही कामाच्याच वेळेत.

उलटा प्रयोग एकदाच झाला, तोही सहा महिने. करोनाकाळात मार्च २०२१ च्या कायद्याने मुलांची करसवलत वाढवली. आधी ती आईबापाच्या कमाईवर अवलंबून होती, त्यामुळे सगळ्यात गरीब मुलांना सगळ्यात कमी मिळायची. ती अट काढली. जुलै ते डिसेंबर दर महिन्याला लहान मुलामागे ३०० आणि मोठ्यामागे २५० डॉलर, बहुतेकांच्या सरळ खात्यात. ना धाड, ना तासांची नोंद. पूरक मापानुसार त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली. इतकी खाली ती कधीच नव्हती. सवलत संपली. २०२२ मध्ये तोच आकडा १२.४ होता, २०२३ मध्ये १३.७.

ती पुढे चालू ठेवायला सिनेटमध्ये एका मताची गरज होती. शेवटचा मासिक हप्ता १५ डिसेंबर २०२१ ला जमा झाला. चार दिवसांनी सिनेटर ज्यो मँचिन यांनी टीव्हीवर सांगितलं की ती पुढे चालू ठेवणाऱ्या विधेयकाला आपलं मत नाही. मँचिन वेस्ट व्हर्जिनियाचे. केनेडींचे पहिले स्टॅम्प ज्या राज्यात वापरले गेले तिथले.

जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने आर्कान्साची ८० तासांची अट मेडिकेडसाठी देशभर आणायचं ठरवलं आहे. स्नॅपसाठीची कामाची अट ६४ वर्षांपर्यंत वाढली आहे. मॅकडॉवेल काउंटीत १९५० साली जवळपास एक लाख लोक राहत होते, २०२० च्या जनगणनेत १९ हजार उरले. तिथलं वॉलमार्ट २०१६ मध्ये बंद झालं. स्नॅपचं कार्ड खिशात असलं तरी मोठा किराणा भरायला आता अनेकांना डोंगर ओलांडून जावं लागतं, आणि पेट्रोल त्या कार्डावर मिळत नाही.